मे महिन्यात टिकलं पाहिजे: तब्येतीच्या कामाच्या नोंदी, नागपूर

६ नोव्हेंबर

दिवाळीचे डबे रिकामे झाले आणि रिपोर्ट हातात आला. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२, कंबर ९८ सेंटीमीटर. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९०च्या आत असावी, एवढं डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. गोळी नाही. "तीन महिने चाला, तेल आणि गोड सांभाळा, मग बघू."

सुरू करण्यात मी पटाईत आहे. एकदा जिमची वर्षाची फी एकरकमी भरली, बारा हजार. होळीनंतर तिकडे फिरकलो नाही. एकदा नुसतंच चालणं धरलं होतं, ते एप्रिलअखेर सुटलं. दोन्ही वेळा सुटलं ते ऊन तापायला लागल्यावर. नागपुरात डिसेंबरमध्ये चालायला कुणीही निघतं. गार हवा, कोवळं ऊन, कोपऱ्यावर संत्र्यांच्या गाड्या. इथली परीक्षा मेमध्ये असते.

म्हणून या खेपेला वजनाचा आकडा ठरवला नाही. मेच्या अखेरीस मी सकाळी फाटकाबाहेर पडत असलो, तर काम झालं असं समजायचं. कसं चालावं हे कुणाला शिकवायला नको. कुठे सुटतं आणि तिथे काय ठोकून ठेवावं लागतं, तेवढं इथे लिहीन.

९ नोव्हेंबर. खरेदी

बूट ३,२०० रुपये. संध्याकाळी जाऊन घेतले, दिवसभरानं पाय जरा फुगलेला असतो. पावलं मोजणारं घड्याळ घेतलं नाही. मुलगी मागे लागली होती, "बाबा, घ्या ना, मजा येते." ऑफिसात दोघांकडे आहे. घड्याळ चार्जिंगला राहिलं की त्या दिवशी ते चालायलाही जात नाहीत, कारण पावलं धरली जाणार नाहीत!

ओट्सची दोन मोठी पाकिटं आणि किन्वाचं एक, मिळून आठशेच्या घरात.

१७ नोव्हेंबर. फुटाळा रद्द

सुरुवात फुटाळ्यावर केली. प्रतापनगरातून स्कूटरने जायचं, गाडी लावायची, तलावाच्या काठानं चालायचं, परत यायचं. चालणं चाळीस मिनिटं, आणि जाणंयेणं, गाडी लावणं, ओळखीच्यांशी दोन शब्द यात जवळजवळ तेवढाच वेळ. ऑफिसला उशीर झाला की दुसऱ्या दिवशीचं चालणं आपोआप कापलं जातं.

खरा घात परतीच्या वाटेवर. तर्री पोहा. ताटलीत पिवळे पोहे पडतात, मग भाऊ हरभऱ्याच्या रश्शाच्या पातेल्यात पळी घालतो. पळी खोल जात नाही. ती वरच्यावर फिरते, अशी की लाल तेलाचा थर तेवढा पळीत यावा. तो पोह्यांवर ओतला जातो, वर कांदा, शेव, लिंबाची फोड. आणि मग प्रश्न येतो, "तर्री अजून टाकू का जी?" याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चालून आलेला तर मुळीच नाही म्हणत नाही, कारण आपण कमावलंय असं त्याला वाटत असतं.

पोहेवाल्याशी भांडण नाही. रस्ता बदलला. आता आमच्या फाटकापासून निघायचं, आतल्या गल्ल्यांनी मोठा वळसा घ्यायचा आणि भाजीच्या हातगाडीपाशी संपवायचं. सकाळची भाजी आणणं हे काम मी माझ्याकडे घेतलं. रस्ता कंटाळवाणा आहे. बघायला एक मारुतीचं देऊळ आणि बांधकामाची वाळू. पण बूट घातले की काम सुरू होतं, आणि मेथी आणायची असेल तर घराबाहेर पडावंच लागतं.

२ डिसेंबर. फाटकावरचे काका

वरच्या मजल्यावरचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. ते पहाटे तसेही उठतात. त्यांना म्हटलं, सोबत चला. पहिल्याच आठवड्यात एकदा मी पांघरुणातून निघालो नाही, तर सव्वासहाला फाटकाची कडी वाजायला लागली. हळू नाही. लोखंडी कडी, लोखंडी फाटक, अख्खी बिल्डिंग जागी. मग आवाज: "काहून रे बाबू, येऊन नाही राहिला का?"

अलार्म बंद करता येतो, काका करता येत नाहीत. शिवाय शेजारच्या वहिनींना माझ्यामुळे जाग येते ही लाज वेगळीच. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत स्वस्त.

२१ डिसेंबर. दोन वाया गेलेल्या गोष्टी

पहिली: राहवलं नाही म्हणून महिनाभरातच एचबीए१सी पुन्हा करून आलो. ५०० रुपये. ६.१. डॉक्टर हसले. तांबड्या पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं, आणि ही तपासणी त्या पेशींवर चढलेली साखर मोजते. म्हणजे माझ्या नमुन्यात बरीचशी दिवाळीच होती. तीन महिन्यांच्या आत हा खर्च करू नका.

दुसरी: दंडाची योजना. काकांमुळे बिल्डिंगमधले आणखी तिघं चालायला यायला लागले. मी हिशेबातला माणूस, म्हणून उत्साहात नियम काढला की जो येणार नाही त्यानं वीस रुपये डब्यात टाकायचे. आठवड्याभरात गैरहजेरी वाढली. आधी न येणाऱ्याला कसंनुसं व्हायचं, दुपारी जिन्यात भेटला की सबब सांगायचा. आता तो वीसची नोट पुढे करतो आणि मोकळा होतो. थंडीच्या दिवसांत वीस रुपयांत तासभर झोप, कोण सोडेल? डबा भरत गेला आणि सकाळी फाटकावर पुन्हा मी आणि काका.

योजना बंद. डब्यातल्या पैशांचं काय करावं यावर बैठक झाली आणि एकमतानं संत्रा बर्फी आली.

८ जानेवारी. तेलाचा डबा

खाण्याची पहिली चाल फसली. मी यादी करून फ्रिजवर लावली होती: सांबारवडी बंद, भजी बंद, बाहेरचं बंद. हिवाळ्यात कोवळा हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झालेला, बाजारात जुड्यांचे ढीग, आणि घरात वडी नाही! आईनं दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी मी सीताबर्डीत एकटा उभा राहून खाल्ली, घरी चार मिळून खाल्ल्या असत्या त्यापेक्षा जास्त.

यादी फाडली. आता मोजतो ते फक्त तेल. पाच लिटरचा डबा उघडला की त्यावर मार्करने तारीख घालायची. आमच्याकडे चार माणसांत तो महिन्यात संपत होता. म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅमच्या आसपास, शिवाय बाहेरचं वेगळं. तोच डबा चाळीस दिवस पुरवायचा, एवढाच नियम. पुरला तर तीसच्या खाली येतो. वडी करा, भजी करा, पण मग त्या आठवड्यात रस्सा पातळ. कशात कापायचं हे स्वयंपाकघर ठरवतं, मी नाही. गंमत म्हणजे आईला हे पटलं. लहानपणी रेशनच्या तेलावर तिनं घर चालवलंय. पळीऐवजी चमचा तिनं स्वतःच काढला, आणि फोडणी देताना बायकोच्या हाताकडे तिचं बारीक लक्ष असतं. (याचे वेगळे परिणाम पुढे लिहीन.)

ओट्समध्ये किडे झाले. किन्वा मुलीनं एकदा उपमा करून संपवला. आठशे रुपये गेले. त्याऐवजी आता ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची भाजी, जवसाची चटणी. यातलं काही आणायला मॉलमध्ये जावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे घरात कुणाला हे पथ्य वाटत नाही. संत्र्यांचा रस काढणं बंद केलं. एका ग्लासात चार संत्री जातात आणि चोथा टाकला जातो. सोलून खाल्ली की दोनात समाधान होतं.

१९ जानेवारी

यवतमाळला लग्न, मग सर्दी. चालणं बंद पडलं. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी नेमकं त्याच वेळी टाकलं, "२१ दिवस सलग करा, सवय लागते, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून." हे वाचून मी आणखी दोन दिवस घरी बसलो. पुन्हा एकपासून मोजायचं तर सोमवारपासून मोजू, अशा हिशेबानं.

मग मुलीनं शोधून दाखवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या मंडळींनी ९६ जणांवर हे पाहिलं होतं, २०१० साली छापलंय. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. मला यातलं शेवटचं वाक्य उपयोगी पडलं. दिवस मोजायचं सोडलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी फुल्या मारत होतो, ते पान उलटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारीच निघालो.

२ फेब्रुवारी. हिशेबात न धरलेला रकाना

रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, तुमच्या वहीत माझा वेळ कुठे लिहिला आहे?"

मी विचारलं, कसला वेळ. तिनं बोटांवर मोजून दाखवलं. पोळ्या एकदम वीस लाटून ठेवता येतात. भाकरी एकेक थापावी लागते, आणि गरम लागते. पालेभाजी रोज म्हणजे निवडणं रोज. ताजी भाजी मी सकाळी मिरवत आणतो, पण ती माती धुऊन, देठं काढून, चिरून कढईत जाईपर्यंत चाळीस मिनिटं कोणाची? शिवाय तेलाच्या चमच्यावरून सासूबाईंची नजर. "तुम्ही चालून आलात की तुमचं झालं. माझं तिथून सुरू होतं. हे असंच राहिलं तर मे तर सोडाच, होळीपर्यंतही मी करणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून भाजी निवडणं माझ्याकडे, रात्री टीव्हीसमोर बसून. अंबाडी आणि चवळी ठीक. मेथीला जीव जातो. रविवारच्या भाकऱ्या मी थापतो. पहिल्या रविवारी पीठ गार पाण्यात भिजवलं होतं, एकही भाकरी अखंड उचलली गेली नाही. आईनं उकळतं पाणी घालायला लावलं, मग थोडं थोडं पीठ तळहाताच्या मुळानं रगडून रगडून मळायला लावलं. आता कडा फाटतात, पण फुगते. चमच्याचा वाद मिटवायला तेलाची आठवड्याची बाटली वेगळी काढली. बाटली बायकोच्या ताब्यात, त्यात कुणी बोलायचं नाही.

ज्या घरात पथ्य एकाचं आणि राबणूक दुसऱ्याची, तिथलं पथ्य का मोडतं, याचं उत्तर डॉक्टरांकडे नसतं. हे काम करणाऱ्या सगळ्या नवरेमंडळींना माझी सूचना: बूट घ्यायच्या आधी विळी घ्या.

१७ फेब्रुवारी. चांगला रिपोर्ट

एचबीए१सी ५.९. कंबर ९४. घरात पेढे आले, यातच सगळं आलं.

आणि त्यानंतर चालणं ढेपाळलं. सर्दी नव्हती, लग्न नव्हतं, हवा सुरेख होती. काका कडी वाजवत होते आणि मी खिडकीतून "आज जरा काम आहे काका" म्हणत होतो. सुटण्याची आजवरची सगळी ठिकाणं मी लिहून ठेवली होती, त्यात हे नव्हतं. सगळं नीट चाललंय म्हणून सुटणं.

दोन दिवस यावर डोकं चालवलं. नोव्हेंबरात मला घराबाहेर काढलं ते भीतीनं. रिपोर्टनं भीती काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच राहिलं नाही. जिमच्या वेळी असंच झालं असणार. तिथे चार किलो उतरले होते आणि मग मी गेलो नाही. भीतीवर माणूस तीन महिने चालतो. त्यातही पुन्हा घाबरायचं तर आधी बिघडावं लागतं.

तर भीती नसतानाही मी कुठल्या दिवशी बाहेर पडलो होतो, ते शोधलं. उत्तर अगदीच साधं निघालं. घरात भाजी नसेल त्या दिवशी. सुट्टीत माझ्या बायकोनं तीन दिवसांची भाजी एकदम आणून ठेवली होती, आणि नेमके तेच दिवस गेले. मग आम्ही फ्रिजमध्ये भाजीचा साठा करणंच बंद केलं. रोजची रोज. चालणं हवं की नको याचा विचार सकाळी करायचाच नाही. डब्याला काय न्यायचं हा विचार आहे, आणि तो टाळता येत नाही. भाजी महिन्याला दोनेकशे रुपयांनी महाग पडते. तो खर्च जिमच्या फीसारखा मांडलाय.

पुढची तपासणी आता ऑगस्टमध्ये. मध्ये नाही.

मार्चअखेर

हिशेबाचं वर्षअखेर. रात्री दहाला घरी. सकाळचं जमलं नाही. स्कूटर सोडून सुभाषनगर मेट्रो स्टेशनपर्यंत पायी जायला लागलो, वीसेक मिनिटं, आणि संध्याकाळी सीताबर्डीऐवजी चालत झाशी राणी चौकापर्यंत येऊन गाडी पकडायची. भाजी या काळात काकांनी आणली, न सांगता. जास्त लिहायला वेळ नाही.

१४ एप्रिल. वेळ सरकवणं

साडेनऊलाच ऊन चावतं. स्टेशनपर्यंतचं चालणं बंद.

इथली चूक मी मागे केली होती ती अशी, की सहाची वेळ धरून बसायचं. डिसेंबर-जानेवारीत इथे पावणेसातला उजाडतं, मेअखेर साडेपाचला. म्हणजे घड्याळ तेच ठेवलं तरी आपण सव्वा तास उन्हात सरकलेले असतो. आता दर पंधरवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे. काकांना सांगावं लागलं नाही, ते आधीच येऊन बसलेले असतात.

अडचण उठण्याची नाही, झोपण्याची आहे. रात्री अकरापर्यंत भिंती आग ओकतात. कूलर लावला तरी बाराशिवाय डोळा लागत नाही, मग पाचला कोण उठणार. जेवण साडेसातला घ्यायला सुरुवात केली. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं तर खोली लवकर निवते. झोप साडेदहाला यायला लागली तेव्हा पहाट आपोआप जमली. कुणी मला नुसतं "पाचला उठा" म्हणालं तर मी त्याला त्याच्या खोलीचं छत कुठल्या मजल्यावर आहे ते विचारीन.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन सुरू असेल, तर उपाशीपोटी लांब चालायला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. काकांच्या ओळखीच्या एकांना देवळापाशी घेरी आली होती, साखर उतरली होती.

४ मे. बादल्या

कूलरमध्ये पाणी भरायला आमच्याकडे पाइप आणि टिल्लू पंप आहे. पंप जळाला. दुरुस्तीला ४५० सांगितले. त्या दोन दिवसांत मी न्हाणीतून बादल्या भरून गॅलरीत नेल्या, आणि तिसऱ्या दिवशी दंड आणि मांड्या असे दुखले की जिमची आठवण आली. नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारं काही हवं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ते मला कधी जमलं नव्हतं. डंबेल्स पलंगाखाली आहेत, त्यांवर चपला असतात.

पंप दुरुस्त केला नाही. दोन कूलर, रोज सात-आठ बादल्या. उन्हाळ्यात इथे याला सुट्टी नसते. पाणी भरलं नाही तर रात्री नऊला घरात बंड होतं.

पहिल्या आठवड्यात कंबर धरली. घाई म्हणून एका हातात काठोकाठ भरलेली बादली आणि दुसरा हात मोकळा, शरीर एका बाजूला कललेलं. चार दिवस वाकता आलं नाही, चालणंही गेलं. काकांनी दाखवलं: दोन बादल्या, दोन्ही अर्ध्या, दोन हातांत. उचलताना गुडघे वाकवायचे, पाठ सरळ. फेऱ्या जास्त होतात, पण कंबर वाचते. सुरुवात करणाऱ्यानं पाव बादलीपासून करावी, यात लाज नाही.

२४ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे मानलेले नऊ दिवस, उद्यापासून. २०१३ मध्ये याच सुमारास, २३ मेला, नागपुरात ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. काकांना तो दिवस आठवतो, त्या दिवशी ते ड्युटीवर होते आणि ट्रान्सफॉर्मर थंड करायला पाणी मारत होते म्हणे.

आज पाच वाजता निघालो. रस्ता रात्रीचाच गरम, वारा नाही. वेग सोडला आहे. गप्पा मारत पंचवीस मिनिटं, पाठोपाठ घरी येऊन ताक. कैरीचं पन्हं आईनं गूळ अर्धा करून, जिरं-मीठ वाढवून केलंय. पहिल्या दिवशी नाकं मुरडली गेली, आता आधीचं गोड लागतं.

आमरस हा विषय मी नियमात बसवू शकलो नाही. रोज वाटीभर ठरवलं, वाट्या मोठ्या होत गेल्या. लग्नसराईत तर बोलायलाच नको. पंगतीत आग्रह करणाऱ्या मामांना एचबीए१सी कळत नाही. शेवटी आंबा फक्त रविवारी, आणि त्या दिवशी मोजायचं नाही, यावर स्थिरावलो. त्यातून रविवार जरा भीषण होतो. चालेल.

मे संपायला आठवडा आहे आणि मी बाहेर पडतो आहे. नोव्हेंबरात ठरवलेलं काम झालं म्हणायला हरकत नाही. उत्साह म्हणाल तर शून्य आहे. पहाटे पाचला मला एकदाही चालावंसं वाटलेलं नाही. भाजी लागते, काका बसलेले असतात, बादल्या रिकाम्या असतात.

२९ जून

पाऊस लागला. आमची आतली गल्ली तुंबते, वाळूचा ढीग अख्खा रस्त्यावर आला. पार्किंगमध्ये गोल गोल फिरून पाहिलं; गाड्या चुकवत दहा मिनिटांत डोकं गरगरतं. जिना बरा आहे, चार मजले, पण गुडघे सांभाळून. उघडीप मिळाली की अंबाझरी तलावाकडे.

या महिन्यात मोठा फटका वेगळाच. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि त्यानंतर काही आठवडे जपायचं. कडी वाजली नाही तेव्हा कळलं की सगळा डोलारा एका माणसावर उभा होता. दोन सकाळी मी सरळ झोपलो. मग दंडयोजनेतल्या त्या तिघांना पुन्हा विचारलं, या वेळी पैशांशिवाय. दोघं आले. ठरलं असं, की प्रत्येकानं दुसऱ्या एकाचं काही ना काही आणायचं: मी खालच्या मजल्यावरच्या आजींचं दूध, ते माझी भाजी. न आल्यास सकाळचा चहा अडतो तो दुसऱ्याच्या घरचा. आजी फोन करतात. कडीइतकाच परिणाम.

पोळ्यानंतरचा सोमवार

काका परतले, काळा चष्मा लावून. मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं निघणारे पुतळे, बघायला महाल भागात आम्ही दोघं पायीच हिंडलो, गर्दीत दुसरा इलाजही नव्हता. पिवळी आणि काळी दोन्ही निघाल्या, लोक ओरडत होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत." काका मोठ्यानं म्हणाले, "बाबूची साखर बी घेऊन जा!" शेजारचे चार अनोळखी लोक हसले आणि त्यातल्या एकानं आपला आकडा सांगितला. ८.४.

करंज्या, पुरणपोळ्या, आता गणपतीचे मोदक. तेलाचा डबा या वेळी तिसाव्या दिवशीच संपला. नोंद केली, नवीन डब्यावर नवीन तारीख घातली.

ऑगस्टची तपासणी झाली: ५.८. कंबर ९२. पेढे आणले नाहीत. दुसऱ्या दिवशी आजींचं दूध होतंच.

२१ सप्टेंबर. पुढचं काम

आतापर्यंतचा खर्च: बूट ३,२००, ओट्स-किन्वा ८००, पहिल्या रिपोर्टनंतरच्या तपासण्या तिन्ही मिळून १,५००, त्यातले ५०० वाया. भाजीचा वाढीव खर्च वेगळा. पंपाचे ४५० वाचले.

कूलर महिन्याभरात उतरतील, ताट्या काढून गच्चीवर झाकून ठेवायच्या. बादल्या गेल्या म्हणजे हातापायांचं ते काम गेलं, आणि पुढच्या मार्चपर्यंत त्याला पर्याय नाही. पलंगाखालच्या डंबेल्सवर माझा विश्वास नाही. बायकोनं दळण सुचवलं. चक्की घरापासून दहा मिनिटांवर आहे. आजवर पंधरवड्याला स्कूटरवर एकदम वीस किलो जात होतं. ते मोडून आठवड्याला दहा, ज्वारी आणि गहू अर्धे अर्धे, पायी.

गेल्या रविवारी पहिली फेरी केली. दोन पिशव्या, पाच-पाच किलो, बादलीच्या नियमानं दोन हातांत. पिशव्यांचे बंद बारीक आहेत, बोटांत रुततात, दोनदा खाली ठेवाव्या लागल्या. परतताना पीठ गरम असतं ते वेगळंच. आई जुन्या साडीच्या काठाचे रुंद बंद शिवून देते म्हणाली आहे. तेवढे झाले की मग वजन वाढवून बघतो.